अंक आला, कोणाला कळले?

पुस्तक एकदा विकत घेतले, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडला, पाठीवर चिठ्ठी चिकटली की ग्रंथालयाचा त्याच्याशी असलेला हिशेबाचा व्यवहार संपतो. नियतकालिकाचा व्यवहार तिथून पुढे सुरू होतो. पैसे आधी जातात आणि माल वर्षभर येत राहतो. कधी वेळेवर, कधी तीन महिन्यांनी, कधी दोन अंक एकाच पाकिटात, कधी मुळीच नाही. मधेच मासिकाचे द्वैमासिक होते, नाव बदलते, आकार बदलतो, वर्गणी वाढते. एखादे बंद पडते, तेव्हा तसे वर्गणीदाराला कळवण्याचे भान फार थोड्या संपादकांना राहते. इतके सगळे असूनही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हा विभाग बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या सहायकाच्या गळ्यात पडतो. ‘अंक आले की शिक्का मारायचा आणि रॅकवर लावायचे,’ एवढेच त्याला सांगितलेले असते.

ही पुस्तिका दोघा लेखकांनी त्या सहायकासाठी लिहिली आहे, आणि त्याच्यावर हे काम सोपवून निर्धास्त झालेल्या ग्रंथपालासाठीही. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नियतकालिकांचे व्यवस्थापन एका प्रकरणात असते आणि वाचकांना नव्या माहितीची खबर देण्याची सेवा बऱ्याच पुढच्या प्रकरणात. परीक्षेत दोन्हींवर वेगवेगळे प्रश्न येतात. मग पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याची अशी समजूत होऊन बसते की, अंकांची नोंद ठेवणे हे कारकुनी काम आणि वाचकाला कळवणे हे वरच्या दर्जाचे, पण वेळ उरला तर करायचे. माझ्या मते हे एकच काम आहे. ज्याच्या हातून पाकीट फुटते, त्यालाच आज काय आले हे सर्वांआधी ठाऊक असते. त्याने अनुक्रमणिकेवरून नजर फिरवली, तर यातले काय कोणाच्या उपयोगाचे हे त्याला तिथल्या तिथे सुचते. तो तेवढे न करता अंक रॅकवर ठेवतो आणि महिन्याभराने कोणी दुसरा ‘प्राध्यापकांसाठी माहितीसेवा’ नावाचा उपक्रम काढतो, हा उलटा प्रकार आपण वर्षानुवर्षे चालवला आहे.

नियतकालिक हा प्रकारच मुळी खबर देण्यासाठी जन्माला आला. १६६५ साली जानेवारीत पॅरिसला ‘जुर्नाल दे सावां’ निघाले आणि मार्चमध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. दुसऱ्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हे रॉयल सोसायटीचे सचिव. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि त्या पत्रव्यवहारातूनच हे नियतकालिक उभे राहिले. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. मराठीतले पहिले मासिक एका शिक्षकाने काढलेले आहे, हे महाविद्यालयीन ग्रंथालयांना तरी ठाऊक असायला हवे.

आता थोडे नोंदीबद्दल. रंगनाथनांची १९३१ सालची पंचसूत्री पाठ नसलेला ग्रंथपाल सापडायचा नाही. त्यांचीच तीन कार्डांची पद्धत मात्र आता परीक्षेपुरती उरली आहे, आणि हे मोठे नुकसान आहे. पहिले नोंदकार्ड. एका नियतकालिकाचे एक, त्यावर खंड-अंकांचे रकाने, अंक आला की तारीख टाकायची. तिसरे वर्गीकृत कार्ड. कोणत्या विषयाची कोणती नियतकालिके आपल्याकडे कोणत्या सालापासून आहेत, हे सांगणारे. ही दोन्ही कोणालाही सुचली असती. खरी करामत मधल्या तपासणी कार्डाची. पुढचा अंक ज्या आठवड्यात यायला हवा, त्या आठवड्याच्या दर्शक कार्डामागे ते लावायचे. अंक आला की कार्ड काढून पुढच्या अपेक्षित आठवड्यामागे न्यायचे. आठवडा संपला आणि कार्ड जागचे हलले नाही, की स्मरणपत्र लिहायला घ्यायचे. नोंदवही फक्त आलेल्या अंकांबद्दल बोलते. न आलेला अंक तिच्यात रिकामा रकाना होऊन पडून राहतो आणि रिकाम्या रकान्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रंगनाथनांनी न येण्यालाच एक जागा आणि एक तारीख दिली.

पुढे कार्डेक्सच्या लोखंडी कपाटांनी ही तीन कार्डे एका सरकत्या ट्रेमध्ये आणली आणि आता सोल, कोहा यांसारख्या प्रणालींनी ती पडद्यावर नेली. नाव बदलले, युक्ती तीच आहे. प्रणालीला प्रकाशनाचा क्रम एकदा शिकवायचा, मग ती पुढच्या अंकांच्या तारखा स्वतः मांडते आणि तारीख उलटली की ‘उशीर’ असा शेरा मारते. मात्र तिला जे शिकवले तेवढेच कळते. मराठी मासिकांपुढे तिची जी फजिती होते, ती या पुस्तिकेत छान रंगवली आहे.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मासिकांच्या वर्षाला वेगळीच लय लागली. आजही कितीतरी मासिकांचा दिवाळी अंक हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक असतो, किंवा सप्टेंबरचा अंक गाळून त्याची पाने दिवाळीत भरून काढलेली असतात. वर्गणी बारा महिन्यांची आणि अंक दहा किंवा अकरा, हे आपल्याला अंगवळणी पडलेले आहे. प्रणालीत मात्र ‘मासिक, वर्षाला बारा अंक’ अशी नोंद असते. डिसेंबर उजाडला की नोव्हेंबरचा अंक ‘गहाळ’ ठरतो आणि मासिकाच्या पत्त्यावर स्मरणपत्र रवाना होते. तो पत्ता म्हणजे बहुतेक वेळा संपादकांच्या घराचीच पुढची खोली. दिवाळी अंकाच्या धावपळीतून नुकत्याच सावरलेल्या माणसाला, त्याने कधी काढलाच नाही अशा अंकाची मागणी येते, तीही दरवर्षी आणि दरवेळी ‘त्वरित पूर्तता व्हावी’ या भाषेत. याच्या उलटही घडते. खरोखर न आलेला अंक ‘जोडअंक असेल’ म्हणून सोडून दिला जातो आणि खंड बांधायला काढल्यावर भोक दिसते. त्यावर उपाय अगदी साधा आहे. दिवाळी अंक हातात आला की त्याच्या पहिल्या पानावरची महिन्यांची ओळ वाचायची आणि तेव्हाच प्रणालीत दुरुस्ती करायची. पण त्यासाठी अंक उघडावा लागतो. शिक्का मारून ठेवून देणाऱ्याला ती ओळ दिसतच नाही.

नावांच्या घोळाचे उदाहरण मी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून घेतो. भारतीय खेड्यांवरच्या अभ्यासांचे संदर्भ चाळताना त्यांना ‘इकॉनॉमिक वीकली’, १९५१ किंवा १९५२, असा उल्लेख हटकून भेटतो. एम. एन. श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते गाजलेले लेख आधी तिथेच आले. विद्यार्थी काउंटरवर येऊन हे नाव सांगतो. सहायक संगणकात पाहतो आणि म्हणतो, ‘हे आपल्याकडे नाही, आपल्याकडे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली आहे.’ सचिन चौधरींनी १९४९ मध्ये सुरू केलेले साप्ताहिकच १९६६ मध्ये नव्या नावाने पुन्हा उभे राहिले, हे तालिकेत ‘पूर्वीचे नाव पाहा’ अशा एका ओळीने जोडलेले असते, तर जुने खंड तळघरात असताना विद्यार्थी हात हलवत परत गेला नसता. तालिकेतली ही ओळ वाचकाला माहिती देण्याचाच भाग आहे. ती त्याच्यासमोर कोणी बोलून दाखवत नाही, एवढेच.

नावे बदलतात आणि एकसारखीही असतात, म्हणून तर आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक आला. त्याचा आंतरराष्ट्रीय मानक १९७५ चा. त्यातला शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून काढलेला असतो, हे आपल्यातल्या अनेकांना सांगूनही खरे वाटत नाही. करून पाहा. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा क्रमांक ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन यांनी गुणा. ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. तिला अकराने भागले की बाकी ५ उरते, ती अकरातून वजा केली की ६. हाच शेवटचा अंक. दहा आले तर रोमन एक्स लिहितात. टंकताना एखादा अंक चुकला, तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक जागच्या जागी सापडते.

या क्रमांकाचा अधिकार मात्र तिथेच संपतो. तो नियतकालिकाची ओळख सांगतो, लायकी सांगत नाही. मुखपृष्ठावर ठळक टाइपात आयएसएसएन छापून ‘मान्यताप्राप्त’ म्हणून मिरवणारी आणि शुल्क घेऊन आठवड्याभरात लेख छापून देणारी नियतकालिके गेल्या दीड-दोन दशकांत उदंड झाली. बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजायला लागल्यापासून त्यांना गिऱ्हाईकही भरपूर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये केअर यादी आणली, तिच्यामुळे निदान एक कुंपण उभे राहिले होते. २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. संस्थेत याबद्दल विचारायचे कोणाला, तर ग्रंथपालाला. ‘सर, हे जर्नल खरे आहे ना?’ हा प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतो. पुस्तिकेत यावर स्वतंत्र प्रकरण आहे. संपादक मंडळातल्या माणसांना आपण मंडळावर आहोत हे माहीत आहे का, मागच्या तीन वर्षांचे अंक प्रत्यक्ष दिसतात का, लेख आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख यांत किती अंतर आहे, असे प्रश्न कसे तपासायचे ते त्यात सविस्तर सांगितले आहे. माझा आग्रह एवढाच, की प्राध्यापकाने पैसे भरण्याआधी हे सांगावे. भरल्यानंतर सांगितले तर उपयोग शून्य आणि वैर कायमचे.

पैशांचा विषय निघालाच आहे. आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून, नियतकालिकांचे वर्ष जानेवारीपासून. नूतनीकरण ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हायला हवे आणि अनुदान हातात पडते फेब्रुवारी-मार्चमध्ये. परिणामी जानेवारी ते मार्चचे अंक हुकतात, आणि विशेषतः परदेशी नियतकालिकांचे हुकलेले अंक नंतर मागून मिळण्याची शाश्वती नसते. त्यात परकीय चलनाचा हिशेब. दिल्लीची गुड ऑफिसेस कमिटी पुस्तकव्यापारासाठी चलनदर जाहीर करते, तो बँकेच्या दराशी जुळत नाही, आणि लेखापरीक्षक दरवर्षी नव्याने त्याचा खुलासा मागतो. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, त्यानंतरच्या वर्षांत परदेशी नियतकालिकांच्या यादीवर कशा कात्र्या चालल्या हे त्या पिढीतल्या ग्रंथपालांना अजून आठवते. आगाऊ पैशांची जोखीमही खरीच आहे. स्वेट्स ही जुनी डच वर्गणी-एजन्सी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा जगभरच्या ग्रंथालयांची रक्कम अडकली. त्याआधी २००३ च्या सुमारास अमेरिकेत रोकॉमचे असेच झाले होते. तेव्हा लेखापरीक्षकाच्या ‘वर्गणी भरली, माल कुठे?’ या प्रश्नावर चिडण्यापेक्षा त्याचे उत्तर दर तिमाहीला तयार ठेवलेले बरे. पुस्तिकेतला नमुना तक्ता त्यासाठी चांगला आहे.

या पैशांच्या गोष्टीत वाचक कुठे आहे? तो फार महत्त्वाच्या जागी आहे आणि आपण त्याला तिथे उभेच करत नाही. कपात करायची वेळ आली की यादी कार्यालयात ठरते, ग्रंथालय समितीच्या बैठकीत पाच मिनिटांत मंजूर होते आणि विभागप्रमुखांना जूनमध्ये रिकामा रॅक पाहून कळते. बंद करण्याआधी दोन महिने ‘हे चार अंक आम्ही थांबवण्याच्या विचारात आहोत, कोण वाचते ते कळवा’ अशी चिठ्ठी लावली, तर बहुतेक वेळा कोणी पुढे येत नाही आणि कपात सुखाने होते. कधी एखादी तरुण प्राध्यापिका धावत येते. अंक थांबवू नका म्हणून भांडणारा असा एक वाचक सापडला, तर त्या वर्षाच्या वर्गणीचे सार्थक झाले असे मी समजतो. अंक उशिरा येतो आहे, अंक बांधणीला गेला आहे, नियतकालिक बंद पडले आहे, या नकारी बातम्याही वाचकाचा हक्क आहेत. रॅकवरच्या रिकाम्या खणात ‘मार्च अंक अद्याप आलेला नाही, स्मरणपत्र पाठवले आहे’ अशी चिठ्ठी दिसली की वाचकाचा ग्रंथालयावरचा विश्वास वाढतो.

बांधणीबद्दल दोनच वाक्ये. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत करावी, आणि बाइंडरला मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने फाडू देऊ नयेत, कारण आजचे संशोधक जुन्या मासिकांतून नेमके तेच शोधत येतात.

आता कळवण्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सॅम्युएल ब्रॅडफर्ड हे लंडनच्या सायन्स म्युझियमचे ग्रंथपाल. उपयोगी लेख सारसूचींतून निसटतात ही त्यांची खंत होती. त्यांनी १९३४ मध्ये उपयोजित भूभौतिकीवरचे १३३२ लेख कोणकोणत्या नियतकालिकांत आले ते मोजले. ९ नियतकालिकांत ४२९ लेख सापडले, पुढच्या ५९ मध्ये ४९९, आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ नियतकालिकांत विखुरलेले. म्हणजे थोड्या, नीट निवडलेल्या नियतकालिकांत आपल्या कामाचे एक तृतीयांश मिळते, असा दिलासा छोट्या महाविद्यालयाने यातून घ्यावा. पण दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. शेवटच्या तृतीयांशासाठी जी २५८ नियतकालिके लागतात, ती कोणतेच ग्रंथालय विकत घेऊ शकत नाही. ते लेख आहेत आणि ते अमुक ठिकाणी मिळतील, एवढे मात्र ते सांगू शकते. १९५२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक स्थापन झाली, ती याच गरजेतून. लेखांच्या प्रती पुरवणे, भाषांतरे करून देणे, कोणते शास्त्रीय नियतकालिक देशातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे याची संघसूची करणे, ही तिची कामे होती.

विज्ञानाच्या प्राध्यापकांच्या एका पिढीने ‘करंट कंटेंट्स’ची वाट पाहिली आहे. युजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियातून १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले हे साप्ताहिक. त्यात लेख नसत, दुसऱ्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका जशाच्या तशा छापलेल्या असत, आणि शेवटी लेखकांचे पत्ते. ते आले की प्राध्यापक खुणा करत आणि ‘आपल्या लेखाची प्रत पाठवावी’ अशी छापील पोस्टकार्डे अमेरिका-इंग्लंडला धाडत. दोन-तीन महिन्यांनी पाकीट येई, क्वचित लेखकाच्या सहीसह. ज्या ग्रंथालयात मूळ नियतकालिकांपैकी एकही येत नव्हते, तिथल्या माणसालाही जगात काय चालले आहे ते या एका चोपडीवरून कळे. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये त्यापुढची कल्पना मांडली. प्रत्येक वाचकाच्या आवडीनिवडीची नोंद यंत्राला द्यायची आणि नव्या लेखांतून त्याला जुळेल तेवढेच यंत्राने निवडून पाठवायचे. आज गूगल स्कॉलरवर सूचना लावून ठेवतो, ते याचेच पुढचे रूप. महाविद्यालयातला ग्रंथपाल या बाबतीत यंत्राच्या पुढे आहे. चाळीस-पन्नास प्राध्यापकांपैकी कोण कशावर काम करतो, कोणाचा प्रबंध अडला आहे, कोणाला पुढच्या महिन्यात चर्चासत्रात निबंध वाचायचा आहे, हे त्याला चहाच्या टेबलावरच कळलेले असते.

तरीही आपण कळवतो कसे? एक पद्धत अशी. व्हॉट्सॅपच्या दीडशे जणांच्या समूहावर सकाळी संदेश पडतो, ‘फेब्रुवारी महिन्यात प्राप्त नियतकालिकांची यादी सोबत जोडली आहे. सर्वांनी लाभ घ्यावा.’ सोबत तीन पानी पीडीएफ. खाली अकरा अंगठे आणि सात नमस्कार, यादी उघडलेली कोणीच नसते. दुसरी पद्धत अशी. ‘मॅडम, ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर तुमचे काम चालू आहे ना? या आठवड्याच्या अंकात पान ४१ वर बीडबद्दल लेख आहे. अंक शुक्रवारपर्यंत काउंटरवर बाजूला ठेवतो.’ हा संदेश लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि मॅडम त्याच दुपारी येतात. असे दिवसाला दोन संदेश गेले, तर वर्षाअखेरीस महाविद्यालयातला प्रत्येक प्राध्यापक निदान चार-सहा वेळा ग्रंथालयात येऊन गेलेला असेल. पुस्तिकेच्या लेखकद्वयाने समूह-संदेशाला इतके झोडपलेले नाही. दोघेही माझ्यापेक्षा सौम्य आहेत.

याच ठिकाणी एक इशारा. वर्गणी भरून मिळालेल्या लेखाची पीडीएफ उचलून समूहावर टाकणे हे बहुतेक परवान्यांच्या अटींत बसत नाही. दुवा पाठवावा. तसेच एखाद्या उत्साही संशोधकाने अख्ख्या खंडातले लेख एका रात्रीत उतरवून घेतले, तर प्रकाशक साऱ्या परिसराचाच प्रवेश बंद करू शकतो. हे नियम वाचकाला आधी सांगणे हाही ‘कळवणे’ या कामाचाच भाग आहे.

विद्यार्थ्यांकडे या क्षेत्रातल्या लिखाणाचे दुर्लक्ष होते, म्हणून आवर्जून सांगतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयाच्या वाचनकक्षात सर्वांत जास्त हाताळली जाणारी नियतकालिके म्हणजे स्पर्धा परीक्षावाल्यांची ‘योजना’ आणि ‘लोकराज्य’. त्यांची पाने सुटतात, कोपरे झिजतात, मधले पान कोणीतरी ब्लेडने कापून नेतो. यावर दंडाच्या पाट्या लावण्यापेक्षा दुसरी प्रत घ्यावी. वर्गणी इतकी कमी आहे की चर्चेचा खर्च त्याहून जास्त व्हावा. आणि रोज चार-चार तास बसणाऱ्या या मुलांना शेजारच्याच रॅकवरच्या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात त्याच विषयावर खोलवर लिहिलेला लेख आहे, हे सांगणारे कोणी नसते.

इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांनी हा सगळा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी थोडे थांबावे. इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना २०१० पासून अल्प शुल्कात महाविद्यालयांपर्यंत हजारो नियतकालिके पोचवते आहे. प्रत्येक वाचकाला त्यात वेगळा पासवर्ड मिळतो. ‘नॅक’ची समिती यायच्या आधी घाईने तयार केलेले आणि नंतर फायलीतच राहिलेले पासवर्ड मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहेत. आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना केंद्र आणि राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखली आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात, तेव्हा आपण नेमके कोणत्या योजनेच्या छत्राखाली येतो हे ग्रंथपालाने स्वतः तपासावे आणि प्राध्यापकांना लेखी कळवावे. पण मुद्दा त्याही पलीकडचा आहे. छापील अंक निदान दिसत होता. पाकीट येई, शिक्का पडे, रॅकवरचा रंग बदले, जाता-येता कोणी थबके. तेरा हजार नियतकालिकांचा अंक ग्रंथालयात येतच नाही. तो कुठेतरी उघडा पडलेला असतो आणि कोणीच त्याला ‘आला’ म्हणत नाही. नोंदीचे काम जवळजवळ संपले, आता उरले ते फक्त सांगण्याचे. जिथे कळवण्याची सवयच नव्हती, तिथे या विभागात आता करण्यासारखे काहीच उरलेले नाही, आणि काही महाविद्यालयांत नियतकालिक विभागाची खुर्ची याच कारणाने हलवली गेली.

मराठी नियतकालिके या तेरा हजारांच्या हिशेबात औषधालाही सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी कोणी प्रकाशक-समूह बोलणी करत नाही, कोणी लेखसूची विकत नाही. शं. ग. दात्यांनी मराठी ग्रंथसूचीचे डोंगराएवढे काम केले. त्यांच्यासह काळे आणि बर्वे यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांचीही सूची केली. १९५० नंतरचे काही शोधायचे तर अभ्यासकाला खंडामागून खंड पाहत बसावे लागते, आणि तेही ज्या गावात तो संच आहे तिथे जाऊन. हे काम एका माणसाच्या किंवा एका संस्थेच्या आवाक्यातले राहिलेले नाही. महाविद्यालयांनी वाटून घेतले तर होईल. आपल्याकडे ज्या एका मासिकाचा संच त्यातल्या त्यात पूर्ण आहे, त्याची लेखसूची करायची. लेखाचे शीर्षक, लेखक, वर्ष, अंक, पान आणि दोन विषयशब्द, एवढे पुरे. ती सूची शेजारच्या चार महाविद्यालयांना पाठवायची. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर आपल्याच महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकापासून करावी. पुढे नावाजलेल्या कितीतरी कवी-कथाकारांचे पहिले लिखाण अशाच अंकांत दडलेले आहे, आणि बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडेच स्वतःच्या महाविद्यालयाचा पूर्ण संच नसतो. प्राचार्यांच्या कपाटात चार, एखाद्या निवृत्त शिपायाकडे सात, माजी विद्यार्थ्यांच्या घरी बाकीचे. मागितले तर लोक आनंदाने देतात.

लेखकद्वयाशी माझा एकच मोठा मतभेद आहे. सुटे अंक वाचकांना घरी देऊ नयेत, असे पुस्तिकेत ठामपणे म्हटले आहे. अंक हरवतो, संच मोडतो, बांधणी अडते, ही त्यांची कारणे मला मान्य आहेत. तरी मी म्हणेन, द्यावेत. ताजा अंक दोन दिवस रॅकवर राहू द्यावा, मग संध्याकाळी पाचला न्यावा आणि सकाळी दहाला परत करावा, या अटीवर प्राध्यापकांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही. नेणाऱ्याचे नाव वहीत असतेच. वर्षाकाठी दोन-चार अंक जातील. त्यांची बदली प्रत मागवायची किंवा लेखांच्या झेरॉक्स लावून खंड बांधायचा. पुढच्या आवृत्तीत त्यांनी या कलमाचा फेरविचार करावा, आणि निदान नमुना नियमावलीत ‘ग्रंथपालाच्या परवानगीने’ हे शब्द घालावेत, असे मी त्यांना कळवले आहे.